पेटीतले मामंजी

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा हातातला चहा आधी खाली ठेवा. मागं एकदा हीच गोष्ट सांगताना आमच्या जावयाच्या नाकातून चहा आला होता, आणि बोल मला लागला.

माझ्या बापानं मला सोलापुरात दिलं ते फार विचार करून. आम्ही माढ्याकडचे, कोरड्या मुलखातले, मेंढरांमागं हिंडणारे. आई मी लहान असतानाच गेली. बाप म्हणाला, "पोरीला माणसांच्या गर्दीत देणार न्हाय. सासुरवास करायला माणसंच कमी पायजेत." म्हणून त्यानं घर शोधलं ते असं: एक सासू, एक सासरा, नवरा एकुलता एक, आणि नणंद एकच, तीही बार्शीला नांदणारी. एवढं तेवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरणीत कामाला. डाव्या हाताची दोन बोटं तिथल्या पट्ट्यात गेलेली. माणूस देवासारखा, पण भज्याला वेडा. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तळायला बसल्या की हे कढईपाशी येऊन बसायचे आणि त्या अर्ध्या हातानं गरम भजं उचलून पळायचे. आत्याबाई झारा उगारायच्या. "पोळंल की वं हात. हाईत ती बोटं तरी ऱ्हाऊ द्या." हे नेहमीचंच.

एका पावसाळ्यात मामंजींना ताप आला आणि ते गेले. आत्याबाईंनी त्या दिवसापासून जेवण सोडलं. ताटावर बसायच्या, घास चिवडायच्या, उठायच्या. "खाणारा गेला, आता मी कुणासाठी रांधू नि कुणाचं खाऊ?" वर्षभरात बाईच्या हाताच्या काड्या झाल्या. बांगड्या तर आधीच गेल्या होत्या, असत्या तरी राहिल्या नसत्या. मला भाकरी थापायला ह्याच बाईनं शिकवलं होतं, माझ्या डोक्यातल्या उवा ह्याच बाईनं काढल्या होत्या. एक आई मी न कळत्या वयात घालवली होती. मनाशी पक्कं केलं, ही दुसरी मी घालवणार नाही. काय वाटेल ते करीन.

आणि केलंच की. तेच तर सांगतेय.

वर्षश्राद्धाला पान वाढून अंगणात ठेवलं. भात, खीर, कढी, भजी. कावळा काही येईना. आत्याबाई कौलांकडे बघत बसलेल्या, आम्ही त्यांच्याकडे. तेवढ्यात मोरीतून काहीतरी खुडबुडत बाहेर आलं. काळं, तळहाताएवढं, चालतंय ते पुढं नाही, आडवंच. मी तर किंचाळले. खेकडा मी जन्मात बघितला नव्हता. आमच्या गावाला प्यायला पाणी नाही, खेकडा कुठला असायला?

तो खेकडा पानापाशी आला. भात सोडला, खीर सोडली, भजं उचललं आणि आडवाच पळाला. त्याची उजवी नांगी ही एवढी, आणि डावी अगदी बारीक, नुकती फुटल्यासारखी.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "आलं की वं तुमी," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. भाकरी मागून घेतली.

मग काय, खेकडा राहिला. माझ्या नवऱ्यानं कुठून तरी काचेची एक पेटी आणली. गिरणीतला कुणी गोरा साहेब आपल्या मुलखाला परत गेला, त्याच्या बंगल्यातली माशांची पेटी होती ती. एक काच तडकलेली, तिला ह्यांनी डांबर लावलं. आत वाळू, चार बोटं पाणी, आणि एका कोपऱ्यात फुटकं कौल. वरती फळी, फळीवर दगड. ते कौल म्हणजे मामंजींचं माजघर. आत्याबाईंनी मला बजावलं, "भागे, पाणी बदल, वाळू धू, पर कौलाखाली बघायचं न्हाय. सासऱ्याच्या खोलीत सून डोकावती व्हय कधी?"

मी कशाला डोकावतेय? मी पेटीसमोरून जाताना डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायची. पाय पसरून बसायची नाही. आमच्या ह्यांचे हाल तर विचारू नका. विडी ओढायची झाली की बिचारे गल्लीच्या तोंडाशी जायचे. "काय करू? काड्यांवरचं डोळं रोखून बघत्यात. आबा जित्तं असताना बी असंच बघायचं."

रोज आधी पेटीत भाकरीचा तुकडा पडायचा, मग आत्याबाई जेवायच्या. अंगावर मांस आलं त्यांच्या. मी म्हटलं, हा खेकडा असो नाही तर सासरा असो, त्याला उदंड आयुष्य दे रे देवा.

दुसऱ्या वर्षी बार्शीच्या वन्संचे दिवस भरले आणि आत्याबाई बाळंतपणाला निघाल्या. बोचकं घेऊन पेटीपुढं उभ्या राहिल्या. "लेकीकडं जाऊन येते. सून हाय हितं." मग माझ्याकडे वळल्या. "भागे, त्यास्नी संभाळ."

"तुमी निर्धास्त जावा, आत्याबाई."

त्या गेल्या आणि मामंजींनी खाणं सोडलं. माजघरातून बाहेरच येईनात. मी भजी तळून टाकली, ती तशीच. आणि एके दिवशी सकाळी बघते तर मामंजी पेटीच्या मधोमध उताणे पडलेले, पाय वर, हालचाल नाही. काडीनं ढोसलं. नाहीच. हातात घेतलं तर कापसासारखं हलकं.

आता इथंच मला शंका यायला नको होती का? पण मी आपली म्हटलं, जीव गेला की भार जाणारच.

गिरणीतल्या पाळीवरून घरी आलेल्या ह्यांना मी दारातच गाठलं. "मामंजी गेले."

"ते तर दोन सालामागंच गेलं."

"आता परत गेले."

हे उंबऱ्यावर बसले. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "अगं, मग मला परत डोकं भादरावं लागंल का?"

आली का पंचाईत? बापाचं एकदा झालं होतं, दुसऱ्यांदाचं शास्त्र कुणाला विचारायचं? आणि टक्कल बघून आत्याबाईंनी विचारलं तर सांगायचं काय? शेवटी आम्ही दोघांनी अंघोळ केली, मागच्या लिंबाखाली मामंजींना पुरलं आणि भाताची मूद ठेवली. कावळे आले, बघितलं, उडून गेले. एकही शिवेना. मी हात जोडले, "मामंजी, तुमची बाई मी उपाशी मरू देणार न्हाय. शब्द हाय माझा." तरी शिवेना. जो मेलेलाच नाही त्याच्या मुदीला कावळा का म्हणून शिवेल? पण एवढी अक्कल कावळ्याला होती, मला नव्हती.

दिलेला शब्द मात्र मी धरून बसले. आत्याबाई परत यायच्या आत पेटीत मामंजी असले पाहिजेत, म्हणजे पाहिजेत.

तशी बाजारात गेले. एक म्हातारी टोपलीवर ओलं गोणपाट टाकून खेकडे विकायला बसायची. मी तिच्यापुढं जाऊन बसले.

"कशाला पायजे? रश्शाला?"

"न्हाय वं मावशी, सासऱ्यासाठी."

"खोकला झालाय व्हय? मग मोठा ने. नांग्या ठेचून, पाणी गाळून—"

"काय बोलताय मावशी, ठेचायच्या कुणाच्या?"

"बरं, नको ठेचू. आता कसं हाय त्यांचं?"

"वारलेत."

म्हातारीचा तंबाखू मळता हात थांबला. "मग खाणार कोण?"

"खायला न्हाईच. मला काळा पायजे, डावी नांगी बारीक असलेला. आणि सोभावानं जरा गरीब बघा."

"खेकडा न्यायला आलीस का नवरा बघायला?"

पण उठून जाईन ती मी कसली? तिची आख्खी टोपली उपसायला लावली. तळाशी तसा एक सापडला. काळा, डावी नांगी बारीक, हुबेहूब. म्हातारीनं तो माझ्या डब्यात सोडला, तसा मी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

म्हातारी डोळे बारीक करून बघायला लागली. म्हणाली, "बाई, नेण्याआधी पोटाखालनं तेवढं बघून घे. मागनं येऊन भांडायचं न्हाय."

आता तुम्हीच सांगा, सून कधी सासऱ्याच्या पोटाखाली बघते का? मी झाकण लावलं आणि घर गाठलं.

आत्याबाई बार्शीहून आल्या त्या पाय धुवायच्या आधी पेटीपाशी गेल्या. त्यांनी वाकून बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"अंग धरलंय की वं तुमी. सुनेनं चांगलं संभाळलंय. नातू झालाय तुमास्नी." आणि भजं आत टाकलं. आतल्यानं ते झडप घालून उचललं. आत्याबाई हसल्या, पान वाढून घेतलं, जेवल्या. मी चुलीकडे तोंड करून देवाला हात जोडले. त्या दिवशी मला वाटलं, ह्या सोलापुरात माझ्याइतकी हुशार सून दुसरी नसेल.

ही हुशारी टिकली फार तर आठ दिवस.

आमच्या शेजारी नरसम्मा राहायची. नवरा हातमागावर, घरात तेलुगू बोलायचे. ती विरजण मागायला आली, पेटीकडे बघत उभी राहिली आणि वाटी तिच्या हातातून पडली.

"अय्यो भागम्मा, हे तुझे मामंजी हाईत का सासूबाई?"

"काय गं झालं?"

"पोटातून पोरं निघाल्यात."

धावत गेले. मामंजींनी पोटाखालचा पदर उघडला होता म्हणा ना, आणि त्यातून ज्वारीच्या कण्यांएवढी पिल्लं वाळूवर पसरत होती. सगळी आडवी चालणारी. मागून आत्याबाई आल्या. काचेला नाक लावून त्यांनी कितीतरी वेळ बघितलं.

"आत्ताच एक बाळंतपण उरकून आले मी," त्या हळूच म्हणाल्या. "हे कुणाचं काढलं?"

नरसम्मा कुठली थांबतेय? तिनं नळावर जाऊन सांगितलं. संध्याकाळी आमचे हे गिरणीतून सुटले तर गल्लीच्या तोंडाशीच लोकांनी गाठलं. "तुझा बाप बाळंत झाला की रं. बारसं कवा?" बिचाऱ्यांची विडी उलटी तोंडात गेली. घरी येऊन मला म्हणाले, "तू बाजारातनं काय आणलंस?"

"हळू बोला," मी म्हटलं.

"काय आणलं बाजारातनं?" आत्याबाईंनी विचारलं.

मी उगीच पेटीवरची फळी सरळ करायला लागले. आणि तेवढ्यात, बघा दैव कसं असतं, कौल हललं. कौलाखालून एक खेकडा बाहेर आला. नवा कोरा, धुऊन काढल्यासारखा, आधीपेक्षा थोराड. डावी नांगी आता चांगली भरलेली. तो तुरुतुरु आडवा आला, पिल्लांतून वाट काढली आणि उरलेलं भजं उचलून परत कौलाखाली पळाला.

त्या पळण्यावरून कुणी ओळखलं नसतं का? आत्याबाईंचे डोळे भरले. "बोटं आली की वं तुमची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भागे. ह्ये मामंजी. मग ती कोण?"

मी सगळं सांगितलं. उताणं पडणं, लिंबाखाली पुरणं, न शिवलेला कावळा, म्हातारीची टोपली. सांगताना एकच धास्ती, आता ही बाई पुन्हा ताटावरून उठणार.

"हलकं लागलं हाताला?" त्यांनी विचारलं.

"व्हय. कापसागत."

"पोरी, ती कात व्हती. माझं म्हायेर भीमेच्या काठाला. खेकडा कात टाकतो आणि अंग कवळं हाय तवर लपून बसतो, हे तितल्या शेंबड्या पोराला ठावं. माजघरात डोकावलं असतंस तर दिसलं असतं."

"तुमीच म्हणाला हुता, डोकवायचं न्हाय."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कौलाकडे. आणि मग त्यांच्या पोटातून हसू आलं. मामंजी गेल्यापासून असं हसू त्या घरानं ऐकलं नव्हतं. भिंतीला टेकून हसल्या, डोळे पुसून हसल्या. नरसम्मा पुन्हा पळत आली, तिला वाटलं आता कोण बाळंत झालं.

कात साप टाकतो हे मला माहीत होतं. सासरा टाकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं," आत्याबाई शेवटी म्हणाल्या, "त्यास्नी दुसरी करून दिलीस, ती बी पोटुशी. माझ्या उरावर सवत आणणारी सून मी पहिलीच बघितली. आता तिचं बाळंतपण तूच काढायचं. आणि भज्याचं पीठ भिजीव. घरात खाणारी तोंडं वाढल्यात, मला बी लई भूक लागलीया."

त्या जेवल्या. पुढं पुष्कळ वर्षं जेवल्या. मी मात्र ओढ्याला पाणी येऊन ते गोकुळ सोडून देईपर्यंत रोज वाळू धूत होते, भात कुस्करून घालत होते आणि एवढ्या-एवढ्याशा दिरांपुढं पदर सावरत होते. चुकून एखाद्याला नुसतं 'खेकडा' म्हटलं की आत्याबाई चुलीपासून ओरडायच्या, "भागे, मोठा दीर हाय तुझा, मान दे."

बाप मला भेटायला आला तेव्हा पेटीपुढं बसला, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "मी एवढं हिंडून माणसं कमी असलेलं घर बघितलं."

बघितलं होतं, खरंच बघितलं होतं. त्यानं बघून दिलेली सासू एक, सासरा एक, नणंद एक. बाकीचं सगळं सासर मी स्वतः बाजारात जाऊन, टोपली उपसून, पसंत करून डब्यात घालून आणलं, आणि तेही डोक्यावर पदर घेऊन.