शंभराव्या सामन्याचा कागद

स्कोअर वहीत राहतात आणि वह्या रद्दीत जातात. किस्से मात्र कोटाच्या खिशात उरतात. कोट झटकला की बाहेर! तीस वर्षं पुण्याच्या पेपरात क्रीडा पान सांभाळलं, आता इंग्लंडात मुलाकडे, रीडिंग गावाला राहून इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहिते. खिसे पुन्हा फुगलेत ते एका ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबमुळे. अंड्यासारखा चेंडू, क्रिकेटचं मैदान, एका बाजूला अठरा जण. लाथ मारा, झेला, पळा!

पण माझं लक्ष खेळापेक्षा टीम निवडण्यावर. निवड समित्यांशी मी आयुष्यभर भांडले आहे. बंद दाराआड जुन्यांचा काटा काढायचा, नाहीतर नव्यांना बाकावर कुजवायचं!

*

पहिल्याच गुरुवारी क्लबच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिले. प्रॅक्टिस संपली की आत टीम निवडतात, असं कळलं होतं.

"मी आत बसणार! दार लावलंत तर तेच छापीन!"

कोच गॅविन धंद्याने प्लंबर, जन्माने ऑस्ट्रेलियन. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या चौकटीकडे.

"कुठलं दार? ते गेल्या हिवाळ्यात निखळलं."

आत पांढरा बोर्ड, त्यावर नावांची मॅग्नेट्स, आणि सगळ्या क्लबसमोर चाललेली भांडणं. मी एक खुर्ची ओढून बसले.

*

निवडीत आवाज दोघांचा: गॅविनचा आणि कॅप्टन शिरीषचा. शिरीष मूळ नाशिकचा, वय एकेचाळीस. नोकरीसाठी मेलबर्नला असताना हा खेळ शिकला. आता इथे सॉफ्टवेअरमध्ये.

आणि तेजस एकोणीसचा, रीडिंगलाच जन्मलेला. हरणासारखा पळतो. एकदा प्रॅक्टिसला तासभर मैदानभर धावला, चेंडू एकदाही हाताला लागला नाही. शिरीष एका जागी उभा, आणि चेंडू चारदा त्याच्याकडे आला!

तेजस धापा टाकत म्हणाला, "काका, बॉलला तुमचा ॲड्रेस कसा माहीत?"

"वीस वर्षं घर बदललं नाही रे."

*

क्लबचा एक नियम ऐकून मी थक्क झाले. ज्याला वगळायचं त्याला समोरासमोर सांगायचं. फोन नाही, व्हॉट्सॲप नाही. तोंडावर! आमच्याकडे मोठमोठ्या खेळाडूंना सकाळच्या पेपरातून कळायचं.

एका गुरुवारी ऑफिसच्या कामामुळे शिरीष आला नाही. गॅविनने त्याच्या जागी तेजसचं मॅग्नेट लावलं आणि नियमाप्रमाणे सांगायला त्याच्या घरी गेला. शिरीषच्या बायकोने, मनीषाने, त्याला पानावर बसवलं. कढी-भात, वर बटाट्याची भाजी. दोन तासांनी गॅविन आभार मानून परतला. वगळल्याचा एक शब्द न काढता!

शनिवारी शिरीष खेळला. मॅच संपल्यावर मनीषा गॅविनला म्हणाली, "वगळायलाच आला होतास ना? मग तिसऱ्यांदा कढी कुठल्या तोंडाने मागितलीस?"

"त्याच तोंडाने सांगणार होतो," गॅविन म्हणाला. "पण ते भरलेलं होतं."

*

त्या कढीमुळे शिरीषचे नव्याण्णव सामने झाले. आणि या खेळात शंभरावा सामना म्हणजे घरचं कार्य! घरची माणसं रंगीत क्रेप पेपरचा भलामोठा पडदा करतात, दोन काठ्यांना ताणून धरतात. मग तो खेळाडू सगळ्यांच्या पुढे धावत येऊन तो पडदा फाडतो आणि मैदानात शिरतो.

एप्रिलमध्ये सुरू झालेल्या सीझनचा एकच सामना उरला होता. फायनल! मनीषाचा पडदा गॅरेजमध्ये तयार होता. मी गॅविनला धरलं.

"नव्याण्णववर माणूस लटकवणार? लाज वाटेल अशा भाषेत लिहीन!"

शिरीष मध्ये पडला. "ताई, आधी चहा घ्या. नंतर लिहा."

*

शेवटच्या गुरुवारी बोर्डावर सतरा मॅग्नेट्स लागली. एक जागा रिकामी. गॅविनच्या तळहातावर दोन उरली: शिरीषचं कडा झिजलेलं, तेजसचं कोरं. गॅविनचा हात वर जाईना. भाषण तोंडात तयार ठेवून मी उठले.

शिरीषने दोन्ही उचलली. तेजसचं बोर्डावर लावलं, स्वतःचं कोपऱ्यातल्या फ्रिजवर. मग बेसिनवरच्या आरशासमोर जाऊन उभा राहिला.

"शिरीष, या शनिवारी तू नाहीस," त्याने आरशाला सांगितलं. "तोंडावर सांगतोय. आणि कढी मिळणार नाही."

तोंडातलं भाषण गिळून मी खाली बसले.

*

शनिवारी मनीषाने पडदा आणलाच. "केलाय तर धरू दे," म्हणाली. निळ्या कागदावर पांढरे आकडे, एक आणि दोन शून्यं. वाऱ्यात फडफडत होता. शिरीष पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन सगळ्यात मागे.

टीम धावत आली. पुढे तेजस. कागदाला डोकं लागणार, इतक्यात तो थांबला. वाकला, आणि पडद्याखालून गेला. त्याच्या मागचा वाकला. त्याच्या मागचाही. गुडघे कुरकुरणारे वाकले, सहा फुटी वाकले. अख्खी टीम कागदाखालून मैदानात गेली आणि वळून उभी राहिली.

पडद्याच्या अलीकडे एकटा शिरीष, हातात क्रेट.

"अरे ये!" गॅविन ओरडला. "फाड!"

शिरीषने क्रेट खाली ठेवला. पडद्यापाशी गेला, कागदावरून एकदा हात फिरवला आणि मनीषाकडे वळला.

"नीट घडी घाल गं. एप्रिलमध्ये लागेल!"