अवसेपुरता अंधार

आमटीत मीठ नव्हतं, हे म्हस्कू वाघमोडेखेरीज घरात सगळ्यांना कळलं. सून सुप्रियाने सैपाकघरात चव बघितली आणि ती मिठाची बरणी घेऊन पळत ओसरीवर आली, तोवर सासऱ्याचं ताट संपत आलं होतं.

“आबा, आळणी हाय ओ आमटी! बोलायचं न्हाय का?”

“व्हय का,” म्हस्कू म्हणाला आणि वाटीत उरलेली आमटी पिऊन उठला.

बायको हौसाबाई गेल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. नरसिंहपूरच्या संगमावर अस्थी सोडून तो काटेवाडीला परतला, अंघोळ केली, भाकरी खाल्ली, झोपला. भावकी म्हणाली, धीराचा गडी. धीर वगैरे काही नव्हतं. दात काढताना सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्याला सगळं अंगच वाटत होतं. बारामतीच्या डॉक्टरने रक्त तपासलं, साखर तपासली, छातीची पट्टी काढली. रिपोर्ट चांगले आले. चांगले आले याचंही त्याला काही वाटलं नाही.

म्हस्कू वीज कंपनीत वायरमन होता. नोकरीची सगळी वर्षं बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गेली. हा उसाचा मुलूख. विहिरीवरची मोटार बंद पडली की इथला शेतकरी आधी वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि मग फोन लावतो. तो फोन रात्री हौसाबाईच्या उशाखाली असे, कारण म्हस्कू एकदा झोपला की हलगी वाजवली तरी उठत नसे. ऐकून ऐकून तिला फ्यूजपासून डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळा धंदा कळला होता. “सगळ्या वस्तीची गेलीया का तुमचीच?” ती विचारायची. “डीपीतनं आवाज आला व्हता का? मग फ्यूज असंल. थांबा, उठवती त्यास्नी.” निवृत्तीनंतर फोन निम्मा गप्प झाला, हौसाबाईनंतर पुरता. सुप्रिया तो चार्ज करून कोनाड्यात ठेवत असे. वाजत नसे.

दसऱ्याच्या सुमाराला त्याचा भाचा राजवर्धन आला. तो बारामतीत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. दुर्बिणी घेऊन आकाश बघणाऱ्यांचं त्याचं एक मंडळ आहे. त्यात एक दातांचा डॉक्टर, एमआयडीसीतले दोन इंजिनिअर, एक औषधदुकानदार आणि कॉलेजची काही मुलं. शहराच्या आकाशात तारे बोटांवर मोजावेत इतकेच उरले होते. मंडळाला अवसेच्या आगेमागे मुक्काम करता येईल अशी जागा हवी होती. सपाट, झाडं नसलेली, गाडी जाईल अशी आणि काळोखी.

“मामा, जिथं लाईट नाही अशी जागा सांगा,” राजवर्धन म्हणाला.

सगळी नोकरी म्हस्कूला लोकांनी याच्या बरोबर उलट मागितलं होतं. दुसरा कुणी असता तर हसला असता. म्हस्कूने पायात चपला घातल्या.

“गाडी काढ,” तो म्हणाला.

अंधार शोधणं सोपं नव्हतं, आणि त्याला बराचसा म्हस्कूच जबाबदार होता. काटेवाडीच्या परिसरात दुधाचं संकलन, पोल्ट्र्या, चौकाचौकांतले उंच खांब. उजनीच्या पाण्याकडेला महामार्गावरच्या धाब्यांच्या रांगा. एका माळावर चांगला काळोख असेल म्हणून गेले, तर तिथे कुणी ड्रॅगन फ्रूट लावलेलं. थंडीतही फळ धरावं म्हणून ओळीओळीने बल्ब पेटवलेले. माळावर लग्नघर असावं तसा उजेड. आणि कुठेही गेलं तरी क्षितिजाशी एखाद्या साखर कारखान्याची तांबूस धग होतीच. आकाश निवळायचा काळ आणि गाळपाचा हंगाम एकच.

नीरेच्या काठी तर वेगळाच प्रकार झाला. डोळे दिपू नयेत म्हणून मंडळाची माणसं बॅटरीला लाल कागद लावतात. अवसेच्या आदल्या रात्री, लाल बॅटऱ्या घेऊन, माणूसवस्ती नसलेली जागा शोधत फिरणारी परकी माणसं बघून वस्तीवरचे लोक काठ्या घेऊन आले. मध्यंतरी ड्रोन उडवून चोर टेहळणी करतात अशी अफवा उठली होती, ती अजून विझलेली नव्हती.

“ड्रोनवाले हायत!”

“ड्रोनवाले कुठले, गुप्तधनवाले हायत. नळकांडं बघ की. नारळ कुठं ठिवलाय रं?”

दातांचा डॉक्टर दुर्बिणीला मिठी मारून उभा राहिला. म्हस्कू गाडीजवळून पुढे आला.

“मी हाय,” एवढंच तो म्हणाला.

काठ्या खाली आल्या. “आयला, ह्यो तर वायरमन! अवो, रिटायर झाला न्हवं तुमी? बरं झालं घावला. आमची डीपी कवा बदलायची?”

निघताना राजवर्धनने बॅटरीवरचा लाल कागद सोलून काढला. मग म्हणाला, “राहू दे मामा. या दोन तालुक्यांत अंधार शिल्लक नाही.”

“एक जागा हाय,” म्हस्कू म्हणाला. फ्यूज कुठे आहे ते सांगावं तशा आवाजात.

पळसदेवच्या वरच्या अंगाला एक उघडा माळ आहे. माळावर रंगूबाईची एवढी एकच वस्ती आहे. वस्तीपर्यंत विजेचे खांब उभे आहेत. ते म्हस्कूनेच माणसं लावून रोवले होते. पण खांबांना तार नाही. मधल्या गवताळ पट्ट्यातून तार न्यायची तर दुसऱ्या खात्याची परवानगी लागते, ती कधी आली नाही. मग ठेकेदार गेला, साहेब बदलले, फाईल खाली गेली. खांबांना रंगूबाई शेळ्या बांधते. “पुढच्या म्हैन्यात तार वढतो,” असं म्हस्कू तिला म्हणाला होता, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या.

दिवाळी उलटली आणि अवसेच्या आधीच्या संध्याकाळी म्हस्कू भाच्याला घेऊन तिथे पोचला. रंगूबाई शेळ्या कोंडत होती.

“आला का वायरमन? तार आणली का?” ती गेली कित्येक वर्षं हेच विचारत आली होती.

“न्हाय.”

“मग काय आणलंय?”

“पावणं.”

अंधार पडला. राजवर्धनने मान वर केली आणि बराच वेळ खाली केलीच नाही. पश्चिमेला कारखान्याचा पुसटसा डाग सोडला तर आकाश कडेपासून कडेपर्यंत भरलेलं होतं. त्याने दुर्बीण लावली, शनी धरला आणि रंगूबाईला बोलावलं.

“शनी?” ती दोन पावलं मागे सरली. “त्यानं आपल्याकडं बघितलं तर साडंसाती लागती, आन आपून हून त्याच्याकडं बघायचं व्हय? तुमच्या मामाला दावा. त्यास्नी आता काय लागणार न्हाय.”

म्हस्कूने डोळा लावला. काळ्यात एक पिवळसर ठिपका आणि त्याच्यातून आडवी गेलेली बारीक रेघ दिसली.

“कसं वाटलं मामा?”

“हाय,” म्हस्कू म्हणाला.

राजवर्धनने त्याच आठवड्यात कागद केला. माळाचा तुकडा मंडळाला पाच वर्षं मुक्कामासाठी, मंडळ पाण्याची टाकी आणि संडास बांधणार, वर्षाचं भाडं देणार. शेवटचं कलम असं की, या मुदतीत वस्तीवर विजेची जोडणी घ्यायची नाही. भाच्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जिथे कधी वीज आली नाही तिथे ती न येण्याचे पैसे मिळत होते. यात कुणाचं काही जातंय असं त्याला दिसलं नाही.

कागद घेऊन दोघं पुन्हा माळावर गेले तेव्हा दुपार होती. शेळ्यांच्या कुडाला नव्या काट्यांची फेसाटी लावलेली होती. रंगूबाईचा मुलगा मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता, होळीशिवाय यायचा नव्हता. बिबट्या मागच्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्या खेपेला गाभण शेळी नेली.

“थाळी बडवली. बॅटरी मिणमिणती, तिला त्यो भितोय का? डोळं दिसलं निस्तं,” तिने सांगितलं. “कुडावर एक बलब असता तर आला नसता. खालच्या वस्तीवर येत न्हाय, तितं बलब हायत.”

राजवर्धनने कागद वाचून दाखवला. तिने सगळं नीट ऐकलं. टाकीचं ऐकून मान डोलवली. शेवटचं कलम आलं तसं तिने विचारलं, “म्हंजी तार येणार न्हाय?”

“तशी ती आलीच नाहीये ना, आजी. इतकी वर्षं.”

“आली न्हाय आन येणार न्हाय ह्यात काय फरक हाय का न्हाय, मास्तर?”

राजवर्धनने मामाकडे बघितलं. “मामा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.”

रंगूबाईनेही म्हस्कूकडे बघितलं. “सांगा वायरमन. खांब तुमी रवलं. करू का अंगठा?”

म्हस्कूला कळत होतं की जागा त्यानेच दाखवली. जिला उजेड कबूल केला होता तिच्या दारात तो अंधाराचं गिऱ्हाईक घेऊन आला होता. लाज वाटायला हवी होती. त्याने छातीत शोधून बघितलं. तिथे काही हललं नाही. पण तार ढिली आहे हे समजायला वाईट वाटावं लागत नाही. ती ढिली असते, आवळावी लागते.

“न्हाय,” तो म्हणाला. “नका करू.”

रस्त्याला लागल्यावर राजवर्धन चिडला. “मामा, तुम्हीच दाखवलीत ना जागा? आता हीच एक उरली होती.”

“तुला अंधार म्हैन्यातनं दोन दिस पायजे. तिला रोज हाय,” म्हस्कू म्हणाला. “बलबावर पत्र्याची टोपी घालून दितो, उजेड खालीच पडंल. बटण तिच्या हातात. अवसेला ती बंद करंल. बंद करायला आधी लाईट असावी लागती का न्हाय?”

 वाटेत चहाला थांबल्यावर राजवर्धनने कागद काढला, शेवटचं कलम पेनाने खोडलं आणि पुन्हा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून म्हस्कू कचेरीच्या बाकावर जाऊन बसू लागला. बधिरपणाचा एक उपयोग असतो: माणूस चिडत नाही आणि कंटाळतही नाही. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हटलं की तो बसे. उद्या या म्हटलं की उद्या येई. परवानगीच्या खात्याकडे जा म्हटलं की तिकडच्या बाकावर बसे. तिथल्या शिपायाने एकदा विचारलं, “मामा, तुमचं काय हाय त्या वस्तीवर? पावणं हायत का?” म्हस्कूने विचार करून सांगितलं, “खांब हायत.” शेवटी फाईल वर आली ती कुणाला पाझर फुटला म्हणून नव्हे, तर रोज दारात दिसणारा माणूस दारातून हलावा म्हणून. पौषात तार ओढली गेली.

माघातल्या अवसेला मंडळाची पहिली छावणी पडली. गाडीमागे गाडी माळावर चढली, तंबू ठोकले गेले, रंगूबाईने पिठलं-भाकरी केली. कुडावर बल्ब जळत होता, पत्र्याची टोपी घालून. सगळे बाहेर तिष्ठत उभे होते आणि रंगूबाई बटणापाशी.

“आजी, करा बंद.”

तिने बंद केला. सगळ्यांनी माना वर केल्या. तेवढ्यात बल्ब पुन्हा लागला.

“आजी!”

“बघत व्हते, लागतोय का ते.”

पुन्हा बंद. पुन्हा चालू. दातांच्या डॉक्टरने कपाळावर हात मारला.

“थांब रं, शेळी तर राखायची हाय न्हवं. तुमच्यातलं दोघं कुडापाशी बसा. तितनं बी आभाळ दिसतंय.” औषधदुकानदार आणि एक इंजिनिअर निमूटपणे काठी घेऊन कुडापाशी जाऊन बसले, तेव्हा तिने बटण बंद केलं आणि त्याच्यासमोर पाट टाकून बसली, कुणी हात लावू नये म्हणून.

म्हस्कू गाडीच्या टपाला टेकून उभा होता. आकाशाकडे त्याने एकदा पाहिलं. मग बराच वेळ तो खांबांकडे पाहत राहिला. चांदण्यांच्या उजेडात तारेचा झोळ दिसत होता. शेवटच्या दोन खांबांमध्ये तो जरा जास्त होता. ठेकेदाराच्या पोरांनी नीट ताणली नव्हती.

फाल्गुनात वारा सुटला. एके दुपारी काटेवाडीत म्हस्कू ओसरीवर जेवायला बसला होता. कोनाड्यातला फोन वाजला. आत सुप्रिया दळण चाळत होती, ती थबकली. म्हस्कूनेही सवयीने वाट पाहिली, उशाखालून कुणीतरी उचलेल म्हणून. फोन वाजत राहिला. मग तो उष्ट्या हाताने उठला.

“लाईट गेलीया,” पलीकडून रंगूबाई ओरडत होती. “सकाळपासनं! असली कसली तार वढली वो? का नुस्ती शोभंची हाय?”

“सगळीकडची गेलीया का तुमचीच?” म्हस्कूने विचारलं.

“माजीच. खालच्या वस्तीवर हाय की. तुमी येताय का दुसरा बघू?”

“शेवटच्या खांबावर झोळ हाय. वाऱ्यानं तारंला तार लागली असंल. लांब ऱ्हावा तितनं, शेळ्या बांधू नका खांबाला. तितल्या वायरमन पोराला फोन करतो, मी बी येतो. काय वेळ लागंल त्यो लागंल.”

फोन ठेवून तो चपला शोधू लागला. सुप्रिया ताटाकडे बघत दारात उभी होती.

“आबा, जेवून तरी जावा. अर्धं हाय अजून.”

“झाकून ठेव,” म्हस्कू म्हणाला. चावी घेतली, आणि उंबऱ्यातून मागे वळला. “आन आमटीत मीठ जास्त झालंय आज.”