अक्षर अक्षर वाचलेली कळ

"तुझ्या मणक्यात कापण्यासारखं काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी भडकले.

वर्ध्याच्या दवाखान्यात, उजेडाच्या पेटीवर माझ्या एमआरआयची फिल्म लावलेली होती. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, क्रॉनिक लो बॅक पेन. म्हणजे कंबरेचं जुनाट दुखणं. मूळची इजा भरून येते, पण मज्जातंतू धोक्याची घंटा वाजवतच राहतात. मला मात्र 'काही नाही' एवढंच ऐकू आलं.

"मग मी नाटक करते का?"

"नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. ते बंद करायचं बटण मात्र माझ्याकडे नाही."

देवळीला आमचा छोटा छापखाना आहे. बाबा पायाने ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, चालवायचे, मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचे. शाळेच्या पुस्तकांआधी मी पत्रकं वाचली. दारूविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, गावात उतरणाऱ्या महाराजांविरुद्धची. पुढे ती मीच लिहू लागले.

एकदा खिळ्यांनी भरलेला जड फर्मा उचलताना कंबरेत चमक आली. ती गेलीच नाही. वर्ष होत आलं. शेजारची मावशी म्हणायची, "बाईच्या जातीची कंबर दुखतेच, त्याचं काय येवढं?" या एका वाक्यावर मी चार पत्रकं लिहिली असती, पण लिहायला बसताच येत नव्हतं.

बाबांना आता बारीक खिळे दिसत नव्हते. मी केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खणांसमोर, उभी राहू शकले नाही तर आमचं शटर कायमचं खाली येणार होतं. मला बरं व्हायचं होतं ते यासाठी.

डॉक्टरबाईंनी व्यायाम दिले, थोडी औषधं दिली आणि दर गुरुवारी एका वर्गाला यायला सांगितलं. माइंडफुलनेस. म्हणजे या क्षणी जे घडतंय त्याकडे, चांगलं-वाईट न ठरवता, लक्ष देणं. डोळे मिटून, श्वासापासून सुरुवात करून.

'डोळे मिटून रोग बरे करणाऱ्यांपासून सावध!' हा मथळा मी स्वतः जुळवला होता. पहिल्याच गुरुवारी मी सगळ्यांसमोर विचारलं, "यामागे कोणता महाराज आहे?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "इथे फोटो नाही, उदबत्ती नाही. बरी होशील असंही मी म्हणत नाही. नाही जमलं तर तेही येऊन सांग."

जिथे 'नाही जमलं' म्हणायची मुभा असते, तिथे मी थांबते. चटईवर आडवी झाले.

माझ्या शेजारी रोहणा गावच्या एक काकू होत्या, गुडघेदुखीवाल्या. त्या म्हणाल्या, "मले त डोळे मिटले का घोरणंच येते, डॉक्टरीणबाई."

"घोरा. पण उठल्यावर गुडघा काय म्हणतो ते सांगा."

"थो काय म्हणन! चहा आण म्हणते."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना कंबर दुखली.

मला ते जमत नव्हतं. मी दात आवळून कंबरेकडे बघायचे, शत्रूच्या घरावर मोर्चा न्यावा तशी. एका गुरुवारी डॉक्टरबाई माझ्याजवळ बसल्या. "तू लक्ष देत नाहीयेस, घोषणा देतेयस. काय चाललंय मनात?"

"छापखाना बंद पडणार. बाबा घरी बसणार. माझं आयुष्य आडवं पडून जाणार."

"हे सगळं कंबर सांगते?"



दुसऱ्या दिवशी घरी पडल्या पडल्या एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं की प्रूफ तपासताना मजकूर वाचायचा नाही, अक्षर वाचायचं. मजकुराच्या ओघात गेलं की समोरची चूकही दिसत नाही. म्हणून मी ओळ शेवटाकडून वाचते, एकेक अक्षर, अर्थ न लावता.

हातातलं प्रूफ खाली ठेवून मी कंबर तशीच वाचली. डाव्या बाजूला ओढ. मग ऊब. मग बारीक ठणका. थांबला. पुन्हा आला. इतकंच होतं. 'आयुष्य आडवं जाणार' हा मजकूर मी स्वतः पुढे जुळवत होते.

दुखणं गेलं नाही. पण त्याच्याभोवती आवळलेला जबडा, खांदे, पोट, सगळं जरा सैल झालं. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, एवढ्या दुखण्यासोबत उभं राहता येईल.

काही आठवड्यांनी केससमोर उभी राहिले. कळ आली.

"काऊन माय, बसत काऊन नाई?" बाबा घाबरले.

"ही एक ओळ, बाबा."

कळ वाचत वाचत ओळ पुरी केली आणि मग बसले. बाबांनी सुताराकडून उंच स्टूल करून आणलं होतं. तेव्हापासून काही ओळी उभ्याने, काही बसून. काही दिवस अजूनही वाईट जातात. पण शटर उघडं आहे.

तुमच्यापैकी कोणी अशा दुखण्यात असेल, तर दोन गोष्टी ठामपणे सांगते. पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर डोळे मिटून बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि कोणी तुम्हाला दिवसभर ओझी उचलायला लावून वर 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हणत असेल, तर आधी त्या ओझ्याबद्दल भांडा. लक्ष देणं म्हणजे निमूट सोसणं नव्हे.

डॉक्टरबाईंनी वर्गासाठी पत्रक मागितलं, ते मी मनापासून जुळवलं. या कंबरेसाठी त्यांचे आभार मला दुसरे कसे मानता येणार?

बाबांनी प्रूफ काढलं आणि डोळ्यांशी धरलं. "बरे व्हाल असं कुठीच लिवलं नाई तू."

"नाही लिहिलं."

"मंग लोकं वाचतीन कशाले?"

"पहिली ओळ वाचा."

त्यांनी वाचली. 'तुमचं दुखणं खरं आहे.'

उभा जन्म ट्रेडलवर पाय मारलेला माणूस. प्रूफ घेऊन सावकाश माझ्या स्टुलावर बसले, उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक कागद मले ठेवजो," ते म्हणाले. "आन् गुरुवारची बस किती वाजता हाय?"