मनोज यांच्या पाठीमागचे दाजी

शेलार गावात पतंगांविषयी विचारले की मनोज यांचे नाव निघते. संक्रांतीला त्यांचा पतंग कधीच कोणी कापला नाही, असे लोक ठामपणे सांगतात. ते तितकेसे खरे नसावे. त्यांच्यामागे फिरकी कोण धरत असे, हे मात्र फार थोड्यांना आठवते. ते दाजी. तरुणपणापासून त्यांनी मनोज यांच्या मांजाची फिरकी धरली. स्वतः पतंग कधी उडवला नाही. लग्न राहून गेले, पॉवरलूमवरची ड्युटी सुटली, भाऊ वेगळे झाले. वर्षातून एकदा कोणाला तरी आपण लागतो, एवढे त्यांच्यापाशी उरले होते.

गोदामाला जमीन गेल्यावर मनोज ठाण्याला राहायला गेले आणि काही वर्षे संक्रांतीला आलेच नाहीत. यंदा ‘येतो’ असा त्यांचा फोन आला, तेव्हा गावात पतंगांविषयी विचारत फिरणाऱ्या मला दाजींनी बोलावून घेतले.

“फिरकी कशी धरतात ते बघायचं हाय ना तुला? त्याचा खांदा हलला की मी ढील सोडतो. तो बोलत न्हाय, मी इचारत न्हाय.”

संक्रांतीला मनोज यांच्या जुन्या घराच्या गच्चीवर दाजी केव्हापासून उभे होते. मनोज आले ते मुलीला, रुचिकाला, घेऊन. तिच्या हातात बॅटरीवर चालणारी फिरकी होती. बटण दाबले की मांजा आपोआप गुंडाळला जाई.

“दाजी, तुझे हात मोकळे केले बघ!” मनोज म्हणाले.

“दुखतात म्हणून कधी बोललो होतो?”

“आज तू उडव रं. जन्मभर माझी पाठच बघितलीस.”

“ती बरी होती. दोर तू घे, फिरकी माझ्याकडं दे.”

“ही मशीनची हाय, तुला न्हाय जमायची.”

मनोज ही संधी मनापासून देत होते, याविषयी मला शंका नाही. त्यांनी पतंग चढवला, दोर दाजींच्या हातात दिला आणि ते मागे सरले. कारखान्यांच्या बाजूने एक काळा पतंग आडवा आला. त्याच क्षणी दाजींनी मान वळवली आणि मागे उभ्या असलेल्या मनोज यांच्या खांद्याकडे पाहिले. खांदा हलला नाही. दोर ताणला, तुटला.

“वो काटा!” पलीकडे ओरडा झाला.

“काय रं, वर बघायचं सोडून माझ्याकडं काय बघतोस?” मनोज पोट धरून हसले.

दाजी खाली येणारा मांजा सवयीने गोळा करू लागले होते. रुचिकाने बटण दाबले.

“काका, सोडा, बोट कापेल!”

त्यांनी सोडला.

बापलेकीचे वडप्याला नातेवाइकांकडे जेवण होते. पुढच्या वर्षी शिकवतो, असे सांगून मनोज उतरले. रुचिकाने दाजींच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

शेजारच्या गच्चीवर एक तरुण फिरकी पायाशी टाकून एकटाच पतंग उडवत होता. दाजी कठड्यापाशी गेले.

“फिरकी पकडू क्या?”

“नहीं चाचा, हो जाता है।”

ठीक आहे, अशा अर्थाने दाजींनी हात वर केला. तो खाली आणायला त्यांना वेळ लागला.