मढवीबाई अर्थ सांगायच्या

मढवीबाई कुणाच्याही हातात रिपोर्ट नुसता ठेवत नसत. आधी माणसाला समोरच्या खुर्चीवर बसवत, पाकीट स्वतः उघडत आणि कागद त्याच्या पुढ्यात धरून म्हणत, "वाचा." तो अडखळत इंग्रजी शब्द वाचू लागला की बाई एकेका शब्दाखाली बोट ठेवून अर्थ सांगत. खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे त्या एकोणीस वर्षं होत्या आणि एकोणीस वर्षं मी हे माझ्या केबिनच्या काचेतून बघत होतो. बघत होतो म्हणजे जळत होतो. आता कबूल करायला हरकत नाही.

"ओव्हा म्हंजे जंताची अंडी," बाई सांगत. "अंडी हायत म्हंजे आत मादी हाय. मादी हाय म्हंजे तिनं घर केलाय. आता गोली घेऊन तिला घर खाली करायला लावायचा." किंवा, "नॉट सीन म्हंजे दिसली नाय. नाय असा लिवलेला नाय, दिसली नाय असा लिवलाय. तरास रायला तर परत या." लोक माना डोलवत. मी एम.डी., विद्यापीठाचं पदक मिळवलेला माणूस. माझ्यासमोर बसलेला पेशंट कधी अशी मान डोलवत नसे. तो घड्याळ बघे.

बाई कोलशेतच्या. वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते. बारावीनंतर लॅबचा छोटा कोर्स करून त्या माझ्याकडे आल्या आणि आल्या दिवसापासून शौचाचे नमुने तपासण्याचं टेबल त्यांनी घेतलं. बाकीची मुलं त्या टेबलापासून लांब पळायची. रक्ताचं काम कसं स्वच्छ, मशीनचं. मी एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? बाई म्हणाल्या, "कोनीतरी बघायलाच पायजे ना, डॉक्टर. लोकं लाजून डब्या पिशवीत लपवून आनतात. आपन नाक मुरडला तर ती परत येनार नाय."

एकदा मानपाड्याहून एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला झोपेत खाज सुटायची, नमुन्यात मात्र काही सापडत नव्हतं. मी मुद्दाम केबिनबाहेर आलो आणि त्या आईला सांगू लागलो, की हा एन्टेरोबियस असावा. मूळ ग्रीक, एन्टेरॉन म्हणजे आतडं, बायोस म्हणजे जीवन. ती आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी पाप केलंय. शेवटी तिने मान वळवून विचारलं, "बाई, हे काय बोलतायत ओ?" मढवीबाई म्हणाल्या, "सुतासारखं बारीक जंत हायत. ती अंडी बाहेर येऊन घालतात, म्हनून डबीत गावत नाय. उद्या सकाली पोरगी उठली की धुवायच्या आधी तिथं चिकटपट्टी लावा नि तीच काचेवर चिकटवून आना. नखं आजच कापा." दुसऱ्या दिवशी पट्टी आली, त्यावर अंडी होती. दिवाळीत त्या घरून करंज्यांचा डबा आला, मढवीबाईंच्या नावाने. मला त्यातल्या दोन मिळाल्या. चांगल्या होत्या, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

मग मी इरेला पेटलो. 'कृमिसंसर्ग: संज्ञा आणि अर्थ' नावाचं पत्रक मी स्वतः लिहून छापून घेतलं. अंकुशकृमी, गोलकृमी, फीतकृमी. परजीवी म्हणजे काय, ज्याच्या जिवावर तो जगतो तो पोशिंदा म्हणजे काय. लोक ते पत्रक घडी घालून बसायच्या बाकावरची धूळ पुसायला वापरत. अख्खं वाचलं ते एकट्या मढवीबाईंनी. दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, पोशिंदा म्हंजे आपनच ना? मंग सरल 'तुम्ही' लिवा. नायतर लोकांना वाटंल, दुसऱ्या कोनाला झालाय." सूचना अगदी बरोबर होती. म्हणूनच मी ती मानली नाही.

इथवर ठीक होतं. पेशंट काय, आज आहेत, उद्या नाहीत. पण माझी आई दर महिन्याला साखर तपासायला लॅबमध्ये यायची आणि बघता बघता तीही त्या समोरच्या खुर्चीवर बसू लागली. मढवीबाई तिला 'आई' म्हणायच्या. रविवारी सकाळी आई रिक्षा करून कोलशेतला बाईंच्या घरामागच्या वाडीत जायची, चपला काढून वांग्याच्या वाफ्यांत खुरपत बसायची आणि अंबाडीची जुडी घेऊन परतायची. मी तिला मॉलमध्ये चल म्हटलं की तिचे गुडघे दुखायचे. त्या वाफ्यांत ते कसे दुखत नव्हते, हे मला कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आई पांढरी पडू लागली. जिना चढताना मध्येच थांबायची. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. शौचाचा नमुना मी स्वतः बघितला, 'ओव्हा नॉट सीन' लिहून सही केली. पण ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह आलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पोटातून छुपा रक्तस्राव. यातून डॉक्टरच्या मनात पहिला शब्द कोणता येतो तो मी लिहीत नाही. दुर्बिणीने आतडं तपासायची वेळ मी पुढच्या आठवड्यातली घेतली. आईने विचारलं, काय आलंय रे? मी म्हणालो, "काही नाही, किरकोळ आहे. वयोमानाने होतं." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरलो तर आई मढवीबाईंसमोर बसलेली. मी घरी कपाटात ठेवलेला रिपोर्ट तिच्या हातात होता. बाई बोट ठेवून सांगत होत्या, "ऑकल्ट म्हंजे लपलेला. आई, तुमच्या पोटातून रक्त जाताय. थोडा थोडा, डोल्यांना दिसत नाय असा. कशानं, ते अजून आपल्याला म्हाईत नाय." मी बाईंना केबिनमध्ये बोलावून जे बोललो त्यातलं अर्धं सभ्य नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, इओसिनोफिल चौदा टक्के हाय, बगितलात? जंत असले की ह्या पेशी वाढतात, तुम्हीच शिकवलात. नमुना सकालचा, तुम्ही बगितला दुपारी, तोही एक थेंब. मना तीन दिवस द्या."

ते तीन दिवस बाई सकाळी सातला येत. काचेच्या भांड्यात जाडं मीठ विरघळवत. मोजमाप नाही, काही नाही. ढवळताना हाताला पाणी कसं लागतं त्यावरून त्यांना कळायचं. "पानी जड झाला," म्हणत आणि थांबत. मिठागरावर वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवायला लागत नाही. त्या जड पाण्यात नमुना कालवून बारकी बाटली काठोकाठ भरायची, वर काचपट्टी टेकवायची आणि अर्धा तास वाट बघायची. अंडी हलकी असतात, तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. ही पद्धत माझ्याही पुस्तकात होती. वेळ जातो म्हणून मीच ती लॅबमधून बंद केली होती.

पहिल्या दिवशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला हाक मारली आणि मायक्रोस्कोपसमोरून उठल्या. पातळ कवचाची, आत चार पेशी दिसणारी लांबट अंडी. अंकुशकृमी. आतड्याला आकड्यासारखा धरून रक्त पिणारा. अनवाणी पायांच्या कातडीतून शिरणारा.

आईला बहुधा तो रोग नव्हता. मी तिथेच हात जोडायला हवे होते. पण माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर 'हिला कसं दिसलं?' आनंद नंतर आला, निदान दोन मिनिटांनी. त्या दोन मिनिटांत मी म्हणालो, "तुमच्याच वाडीतून आणलं असणार आईने हे." तेही लॅबमधल्या सगळ्या मुलांसमोर.

बाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर चार डब्या मांडल्या: स्वतःची, नवऱ्याची, मुलाची, सुनेची. पुन्हा मिठाचं पाणी केलं. दोन डब्यांत अंडी निघाली, त्यातली एक त्यांची स्वतःची. "बरोबर बोललात, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "एवढी वर्सं लोकांना सांगतेय, नि घरातला बगितलाच नाय." त्यांनी घरात सगळ्यांना गोळ्या दिल्या, आईसाठी जाड रबरी चपला आणल्या आणि माझ्या आईची हात धरून माफी मागितली. मी मात्र कुणाचीच मागितली नाही.

दुर्बिणीची तपासणी झालीच, ती स्वच्छ निघाली. जंतांच्या गोळ्या आणि लोह घेऊन आई तीन-चार महिन्यांत पूर्वीसारखी जिना चढू लागली. गेल्या वर्षी बाईंनी काम सोडलं, नातवाला सांभाळायचं म्हणून. शेवटच्या दिवशी आईने त्यांना इरकल नेसवलं आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. मी केबिनमध्ये बसून रिपोर्टांवर सह्या करत होतो.

त्या दिवशी घरी परतताना गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, घरात मुलगा डॉक्टर. तू कपाट उघडून कागद काढलास आणि त्यांच्याकडे गेलीस. माझ्याकडे का नाही आलीस?"

आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आले होते की रे. तू 'किरकोळ आहे' म्हणालास. त्या दिवशी मी इतकी घाबरले, इतकी घाबरले, की देवापुढे निरवानिरव करून ठेवली. त्या म्हणाल्या रक्त जातंय, आणि मला धीर आला."

यावर काय बोलायचं ते मढवीबाईंना सुचलं असतं, आणि तेवढंही मला सहन झालं नाही.