धुतलेलं मडकं

घरात हे कुणालाच ठाऊक नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

मडक्यापासूनच करतो.

आर्णीजवळच्या आमच्या गावात मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी, बकऱ्या पाळायची. कपाशीनं लागोपाठ दगा दिला, त्या वर्षांत आमची दोन्ही घरं त्या बकऱ्यांवर तगली. बकऱ्यांना घालायला ज्वारीचा भरडा आणि तुरीची चुनी ती एका मडक्यात आंबवायची. रोज तळाशी थोडं जुनं आंबोण ठेवून त्यावर नवं घालायची. मडकं धुवायचं नाही — सासूनं तिला तसंच शिकवलं होतं.

मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याच आंबोणातले जिवाणू मी वेगळे केले; दूध विरजतात त्या जातीचे. पोटातल्या आम्लात, पित्तात ते टिकतात का, हगवणीच्या जंतूंना अडवतात का, ते तपासायचं होतं. सर म्हणाले, गावी येतो, मडक्याचा फोटो घेऊ.

आणि मला लाज वाटली. कशाची? त्या आंबट वासाची, काठावरच्या काळ्या थराची — की तिची? मी तिला उकळतं पाणी आणि ब्लिचिंग पावडर देऊन मडकं घासायला लावलं.

"थे धुवाचं नसते बाबू," ती म्हणाली. मग हसली. "पण तू शिकून राह्यला. तुले जास्त समजते."

सर आले. फोटो झाला, चहा झाला. नंतर नव्या आंबोणाला वेगळाच वास येऊ लागला. तिनं विचारलं, तर मी म्हणालो, चालते. करडांना हगवण लागली. चार गेली, मग त्यांतल्या दोघांची आईही.

"माह्या हातानं काही चुकलं का रे?" तिनं विचारलं.

आणि मी — मी म्हणालो, "तुह्या जुन्या आंबोणातच वाईट जंतू होते, माय."

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत तिचे जिवाणू आम्लात टिकले, पित्तात टिकले. हगवणीच्या जंतूंना त्यांनी जवळ वाढू दिलं नाही. त्यांची एक नळी फ्रीजमध्ये होती. पिशवीत घालून एसटीनं नेली असती, तर मडकं पुन्हा लागलं असतं कदाचित. पण मग का नेतोय, तेही सांगावं लागलं असतं. नाही नेली.

उरलेल्या बकऱ्या तिनं विकल्या. शेजारची बकरी विणार असली की पूर्वी तिलाच हाक यायची. त्यानंतर ती जायची नाही. म्हणायची, माह्या हाताले गुण नाही.

असंच म्हणत ती गेली. मी खांदा दिला.

प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. त्यात तो फोटो आहे. मोठी माय नवं लुगडं नेसून उभी आहे, माझ्याकडे बघून हसते आहे. शेजारचं मडकं अगदी स्वच्छ आहे.