रेघेच्या आतून की बाहेरून

आमच्या ह्यांच्यासमोर नुसतं "आज फार उकडतंय" म्हणायचीही सोय नाही. लगेच मान तिरकी करून म्हणतील, "हे आजचं नाही." झालं! मग उकाड्याच्या मागे कोळसा, कोळशाच्या मागे गिरण्या, गिरण्यांच्या मागे कुठलातरी राजा, आणि समोरचा माणूस घामाने निथळतोय तो निथळतोच.

हे शिंपी. लोक मास्तर म्हणतात. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. त्या पडद्याआड भाजी चिरता चिरता मी सगळ्या जगाचा इतिहास ऐकलाय. गिऱ्हाईक येतं पँट आखूड करायला आणि जातं तीन साम्राज्यं बुडवून. पाठीमागे लोकांनी ह्यांचं नाव ठेवलंय, मूळव्याध. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची व्याधी, म्हणून. मला कळलं तेव्हा आधी मी चिडले, आणि मग आत जाऊन पोट धरून हसले.

ह्यांची कामाची एक रीत आहे. कपडा दुरुस्तीला आला की आधी तो उलटा करायचा. वरून बघायचंच नाही. शिवण उसवली तरी सुईची भोकं राहतात. कुठे आवळलाय, कुठे सैल केलाय, आधी कुणाच्या अंगावर होता, सगळं आतून दिसतं. तीच रीत पुढे ह्यांनी माणसांना आणि देशांनाही लावली. वरून बघितलेल्या कुठल्याच गोष्टीवर ह्यांचा विश्वास नाही. दूधवाला हसून बोलला तरी ह्यांना वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. दुधाच्या बाबतीत ते बरेचदा खरंही निघालंय.

परवा शिवायच्या दोऱ्याची रिळं महागली. दुकानदार म्हणाला, चिंचोळ्या समुद्रात जहाजं अडकलीत. दुसरा माणूस दोन शिव्या हासडून घरी आला असता. हे आले ते थेट मिरीवर.

"अगं, ह्या सगळ्याचं मूळ मिरी! साहेबाच्या जेवणाला चव नव्हती, म्हणून त्यानं जहाजं हाकारली. मिरी मिळाली, तर जायफळ पाहिजे झालं. मग जायफळाचं बेट पाहिजे झालं. बेटाला पहारा, पहाऱ्याला तोफ, तोफेला कंपनी! आणि आज त्याच वाटेवर जहाजं अडकली तर सगळे विचारतात, हे अचानक काय झालं? अचानक काही होत नाही. अचानक फक्त बटण तुटतं, आणि तेही आधीपासून सैल झालेलं असतं."

"मिरीचं राहू द्या," मी म्हटलं, "रिळं आणलीत का?"

रिळं विसरले होते.

असे ह्यांचे बादरायण संबंध. पण सगळंच थापा समजू नका. एका कप्तानाचा कान कापला गेला आणि त्यावरून दोन देश लढले, असं एकदा म्हणाले, तेव्हा मी लेकीकडून तपासून घेतलं. खरं निघालं! बाकीच्याची खात्री मी देत नाही. काही वाचलेलं असतं, काही ऐकलेलं असतं, आणि जिथे दोन्ही कमी पडतं तिथे हे ठिगळ लावतात. ठिगळ इतकं बेमालूम असतं की नंतर ह्यांना स्वतःलाही सापडत नाही.

तर आमची लेक. एकुलती एक. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिथेच मागच्या खोलीत कवळ्या बनवणारा एक मुलगा आहे, आणि त्याच्याशी लग्न करायचं असं तिनं एके दिवशी जेवताना सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"खोटे दात करतो," हे म्हणाले, "तो खरं काय बोलणार?"

"बाबा, तुम्ही भेटा तर. तुम्ही हो म्हणालात तरच करेन. नाही म्हणालात तर ह्याच्याशी करणार नाही. आणि मग कुणाशीच करणार नाही."

ही पोरगी बोलते तेच करते. लहान असताना दूध पिणार नाही म्हणाली, ती आजतागायत प्यायलेली नाही. तिचा जन्म आता ह्यांच्या एका शब्दावर लटकला होता, आणि हे तर चहात साखर जास्त पडली तरी कारस्थान शोधणारे!

मुलगा येऊन गेला. सरळ वाटला मला. ह्यांना सरळपणाचाच संशय. "घराणं कुठलं, आजोबा काय करायचे, विचारलं तर म्हणतो नीट माहीत नाही. माहीत नाही की सांगायचं नाही?"

"अहो, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात."

"ते ऋषींनीच पसरवलं असणार," हे म्हणाले.

मग एका रविवारी मुलाचे वडील आले. बसचे ड्रायव्हर. मुलाची आई तो लहान असतानाच गेली, वडिलांनी एकट्यानेच वाढवलं. उंच, रुंद माणूस, बोलणं अगदी बेताचं. खुर्चीच्या कडेवर बसले होते, अंगात एक काळा जुना कोट, तोही छातीवर ताणलेला. टीव्ही चालू होता. त्या सीमेवरच्या डोंगरावर पुन्हा गोळीबार झाला होता, आणि बातमी सांगणारी बाई डोळे मोठे करून सांगत होती.

ह्यांना तेवढंच पुरे. डोंगराचा किस्सा हा ह्यांचा हुकमी किस्सा. कपडे बेतायच्या टेबलावर खडू आपटून उभे राहिले.

"हे आजचं नाही! साहेबांनी जाताना नकाशावर रेघ मारली. पेन्सिल बोथट. रेघ पडली जाड. कागदावर ती दोऱ्याएवढी, पण जमिनीवर केवढी? अख्खा डोंगर तिच्या पोटात!" टेबलावर सर्रकन एक रेघ ओढली. "आम्ही शिंपी काय करतो? रेघ मारली की आधी ठरवतो, रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून. नाहीतर एक बाही लांब, एक आखूड. त्यांनी ठरवलंच नाही. हे म्हणतात आतून, ते म्हणतात बाहेरून, आणि गवताचं पातं उगवत नाही अशा दगडासाठी बापजाद्यांपासून ठो ठो! अरे, त्या वेळी एका पेन्सिलीला टोक काढलं असतं, तर दोन्हीकडचे आज घरी बसून चहा पीत असते!"

मुलगा हसला. लेक हसली. मी हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय, तरी हसले. ड्रायव्हर हसले नाहीत. टेबलावरच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिले आणि चहाचा कप हळूच खाली ठेवला.

निघताना मात्र दारात घुटमळले. "मास्तर, हा कोट जरा सैल होईल का? लग्न ठरलं तर ह्यातच उभं राहायचं म्हणतो."

"ठेवून जा की!" हे म्हणाले. बोक्यापुढे कुणी मासा ठेवून जावं, तसा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान अर्धं बंद करून ह्यांनी कोट उलटा केला. मी पडद्याशी उभी होते. अस्तर थोडं उसवलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, आणि मला हाक मारली.

"बघ. ही उजवी बाही मशीनवर शिवलेली. कसबी हात आहे. आणि ही डावी? हे पांढरे लांब टाके दिसतात? हे कच्चे टाके. ट्रायलच्या वेळी गिऱ्हाइकाच्या अंगावर घालतात. बाही नीट बसली की मशीन मारायची आणि हे काढून टाकायचे. काढल्याशिवाय कुठलाही शिंपी कोट हातात देत नाही. मेला तरी देत नाही! आणि त्यावरून हे काळे, वेडेवाकडे, घरी कुणीतरी घातलेले. कॉलरला लेबल नाही. लेबल लागतं सगळ्यात शेवटी."

"म्हणजे?"

"म्हणजे हा कोट शिंप्याच्या दुकानातून अर्धवट उचललेला आहे. शिवाय ह्या माणसाच्या मापाचा नाही. कुणा सडपातळ माणसाचा कोट आहे हा. चोरीचा माल, अगं!"

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. टाके तर समोर दिसत होते. त्या माणसाचं कमी बोलणं, खुर्चीच्या कडेवर बसणं, सगळं मला आता वेगळं दिसायला लागलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणूनच हसला नाही की काय?

संध्याकाळी लेक आली. हे म्हणाले, "माझा नकार आहे." कारण सांगितलं. ती चपला घातलेल्या होत्या तशीच आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडली असती तर मी समजूत तरी घातली असती. जेवायला उठली नाही. सकाळी मी बांधलेला डबा न घेताच कामाला गेली. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

"राजांची पापं धुंडाळता ना, मग एका माणसाला तोंडावर विचारायला काय होतं? चला. उठा."

"कुठे?"

"डेपोत."

कोट पिशवीत घातला. गळ्यातली टेप काढायचंही ह्यांना सुचलं नाही, तसेच निघाले. मीही गेले, कारण ह्यांच्या जिभेचा मला भरवसा नाही.

ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत लाकडी बाक होते, भिंतीला पत्र्याची कपाटं, आणि कुणीतरी कोपऱ्यात घोरत होतं. आम्हाला बघून मुलाचे वडील गडबडीने उठले. "वहिनी, तुम्ही पण? बसा, बसा."

हे बसले नाहीत. "कोट कुठल्या शिंप्याचा?"

"ते शिंपी आता नाहीत."

"लेबल नाही त्याला."

"नाही. लावायचं राहिलं."

"राहिलं, की लावायला वेळच मिळाला नाही?"

मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाले, "वेळ मिळाला नाही, खरंय. माझ्या थोरल्या भावाचा कोट आहे. फौजेत होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याचं लग्न ठरलं, म्हणून शिवायला टाकला. पहिली ट्रायल झाली. दुसरीला जायच्या आधी सुट्टी रद्द होऊन त्याला परत बोलावलं. तुमच्या त्या डोंगरावर."

ह्यांनी पिशवी बाकावर ठेवली.

"नंतर शिंपीच घरी घेऊन आले. होता तसा. म्हणाले, पुरा करून देतो. आई नको म्हणाली. पांढरे टाके त्याच्या अंगावर कोट चढवून घातलेले ना, ते तिनं काढू दिले नाहीत. डावी बाही तेवढी तिनं वरून हातानं टाचली, लोंबू नये म्हणून." त्यांनी पिशवीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "आता आईही नाही. कोट उसवायला माझं मन धजेना आणि दुसऱ्या कुणाकडे द्यायचा धीर झाला नाही. म्हटलं, तुम्ही आपलेच होणार."

मला ह्यांच्याकडे बघवेना.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" ह्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी तिथे टेबलावर नाचत होतो, लोकांना हसवत होतो. मला गप्प करायचं होतंत."

"छे हो. पोरं हसत होती, बरं वाटलं." ते म्हणाले, "आणि मास्तर, लढाई कशावरून झाली ते मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. पत्र आलं, पेटी आली, साहेब येऊन सलाम करून गेले. कारण कुणी सांगितलं नाही. तुम्हीच पहिले. तेव्हापासून विचारायचं होतं." ते पुढे झुकले. "खरंय का ते? पेन्सिल बोथट होती म्हणून?"

आता काय बोलतील, मला कळेना. ह्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला मूळ असतं, आणि मूळ नसेल तर ठिगळ असतं. एक ठिगळ लावलं असतं तर समोरच्यानं ते आयुष्यभर उराशी धरलं असतं.

"नाही," हे म्हणाले. "ते मी जुळवलं होतं. लोक हसावेत म्हणून. खरं काय झालं ते मला माहीत नाही."

ड्रायव्हरांनी मान हलवली. "मग कुणाला माहीत असेल?"

मग ह्यांनी गळ्यातली टेप ओढून काढली.

"पांढरे टाके मी काढणार नाही," हे म्हणाले. "पाठीच्या शिवणीत कापड दाबलेलं आहे, तिथून सैल करतो. उभे राहा, व्याही. हात जरा बाजूला घ्या."

व्याही म्हणाले! ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं. आपण नीट ऐकलं ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी मान डोलावली. ते उभे राहिले आणि त्यांनी हात बाजूला घेतले. ह्यांनी त्यांच्या छातीभोवती टेप धरली, आकडा वाचला, चुकला, पुन्हा वाचला, तोही चुकला. शेवटी टेप मी हातात घेतली, आणि माप मीच घेतलं.